घरकुलाची उचल

१८८० च्या खानदेश गॅझेटिअरमध्ये धुळ्याच्या वसाहतीची हकिकत आहे. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला, आणि १८१९ मध्ये पांझरेकाठच्या या गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. कॅप्टन जॉन ब्रिग्जने जिल्ह्याचे ठाणे येथे आणले आणि १८१९ पासून पेठ वसवायला घेतली. व्यापारी बोलावले, दुरून कारागीर आणले. घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने दिली आणि पक्के घर बांधता यावे म्हणून उचलही दिली. नव्याने येणाऱ्यांना, तशीच गावच्या जुन्या रहिवाशांनाही. ब्रिग्ज काही धर्मादाय करीत नव्हता. ओस पडलेल्या मुलखात माणूस टिकला नाही तर सारा कोणाकडून घ्यायचा, हा त्याचा साधा हिशेब. पण त्या व्यवहारातली एक गोष्ट पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवावी. ज्याला घरात राहायचे होते, उचल त्याच्याच हाती पडत होती.

आता पावणेदोनशे वर्षे पुढे, जळगावला येऊ. १९०६ मध्ये खानदेशाचे दोन जिल्हे झाले आणि जळगाव पूर्व खानदेशाचे ठाणे बनले. रेल्वे आणि कापूस यांनी आधीच गाव मोठे केले होते. नंतर डाळमिल आल्या, केळीचा व्यापार वाढला. हातावर पोट असलेली माणसे येत राहिली आणि मिळेल तेथे पत्रे ठोकून राहू लागली. त्यांच्यासाठी १९९० च्या दशकाच्या अखेरीस नगरपालिकेने घरकुल योजना आखली. शहरालगत नऊ ठिकाणी मिळून ११,४२४ घरे, आणि पैसा हुडकोच्या कर्जाचा. याच नगरपालिकेने स्वतःच्या कारभारासाठी सतरा मजली इमारत उभी केली, तेव्हा उंच बांधणे तिला अवघड होते असे म्हणता येत नाही.

घरकुल हा शब्दच लाडका आहे. खेळातल्या घराला शोभेल असा. जळगावात नांदलेल्या बहिणाबाई चौधरींनी सुगरणीच्या खोप्यावर कविता केली. ती सुगरण आपले घर आपणच विणते. नगरपालिकेचे घरकुल मात्र ठेकेदार बांधणार होता, आणि या वेळी उचल त्याला मिळाली. ज्या जागांवर बांधायचे, त्यांच्या मालकीचा आणि बिगरशेती परवानगीचा प्रश्न सुटलेला नसताना ठेकेदाराला कोट्यवधी रुपये आगाऊ दिले गेले, असा पुढे आरोप झाला. पुरी झाली ती सुमारे १,५०० घरे. म्हणजे साडेसात कुटुंबांमागे एकाला दार मिळाले.

उरलेल्यांचे काय झाले, याची नोंद कोणी ठेवली नाही. ही नोंद का महत्त्वाची, ते थोडे विस्ताराने सांगायला हवे. घर मिळणारच नाही हे ठाऊक असलेला माणूस चार पैसे साठवून कुडाच्या जागी विटा लावतो, पत्रा बदलतो. पण पुढच्या साली घर मिळणार असे ज्याला सांगितले आहे, त्याला झोपडीवर केलेला प्रत्येक खर्च वाया गेल्यासारखा वाटतो. तो म्हणतो, एवढा एक पावसाळा निघाला की झाले. शिवारात पिलर उभे दिसत असतात, त्यामुळे आशा धड तुटतही नाही. असे एकेक करत किती पावसाळे? १९९९ मध्ये पहिलीत असलेले मूल निकालाच्या वेळी पंचविशी ओलांडून गेले होते.

पैशाची नोंद मात्र नीट झाली. २००३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. रक्कम सुमारे २९ कोटींची. माजी मंत्री सुरेश जैन यांना मार्च २०१२ मध्ये अटक झाली. खटला चालला धुळ्याच्या विशेष न्यायालयात. १९०६ पूर्वी जिल्ह्याच्या कामासाठी जळगावकर धुळ्याला जात. एरंडोल-पारोळ्याची तीच वाट या खटल्याने पुन्हा धरली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ४८ जण दोषी ठरले. जैन यांना सात वर्षांची शिक्षा आणि शंभर कोटींचा दंड झाला. निकालाविरुद्ध अपिले उच्च न्यायालयात गेली.

दंड आणि अपहार यांचे आकडे वर्तमानपत्रांनी ठळक छापले. न्यायालयापुढे नुकसान होते ते पालिकेचे, आणि कायद्याने ते बरोबरच आहे. पण थांबलेली कुटुंबे त्या हिशेबात कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. उलट हुडकोचे कर्ज महापालिकेच्या मानेवर राहिले, मधल्या काळात तिची बँक खाती गोठवली गेली आणि शेवटी राज्य सरकारला मध्ये पडावे लागले. महापालिकेची तिजोरी म्हणजे शहराचेच पैसे, तेव्हा ज्यांना घर मिळाले नाही त्यांच्याही वाट्याला या कर्जाचा भार आलाच.

जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत आज घरकुल म्हणतात ते निराळे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरले. ते हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतात. पहिल्या हप्त्यात जोते होते. त्याचा फोटो काढून वर पाठवतात. मग वाळू, सिमेंट, गवंडी यांच्यामागे तो स्वतःच धावतो, पुढच्या हप्त्याची चौकशी करायला ग्रामपंचायतीत खेटे घालतो आणि संध्याकाळी येऊन बांधलेल्या भिंतींवर पाणी मारतो.