सोलापूर, मे १९३०: हिंसेची किंमत कोण मोजतो?

१२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात सोलापूरच्या चौघांना फाशी दिली गेली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. त्या दिवशी गांधीजीही येरवड्यातच कैदेत होते. दोन आठवड्यांनी, २६ जानेवारीला, त्यांची सुटका झाली आणि ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला. एकाच आंदोलनातून तुरुंगात गेलेल्यांचे शेवट इतके वेगळे का झाले, हा प्रश्न सोलापूरच्या इतिहासापुरता नाही. शस्त्र की सत्याग्रह, हा वाद पॅलेस्टिनी समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि त्यावर बोलायला लागणारा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे.

सोलापूर तेव्हा गिरण्यांचं शहर होतं. जुनी मिल, विष्णू, लक्ष्मी यांच्या भोंग्यांवर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या कामगारांचा दिवस चालायचा. ५ मेला गांधीजींना अटक झाली आणि दोन दिवसांत गिरण्या बंद पडल्या. ८ मेला रूपाभवानीच्या परिसरात लोक शिंदीची झाडं तोडायला जमले. दारूचं उत्पन्न बुडवणारी ही कृती उघड होती आणि शस्त्राविना होती. पोलिसांनी काहींना पकडलं, लोकांनी त्यांना सोडण्याची मागणी केली आणि गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हा तरुण मारला गेला. खवळलेल्या जमावाने मंगळवार पेठेची पोलीस चौकी पेटवली आणि दोन पोलीस जिवाला मुकले. पोलीस शहरातून मागे घेतले गेले. पुढचे काही दिवस शहराचा बंदोबस्त काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी सांभाळला. १२ मेला मार्शल लॉ आला आणि ३० जूनपर्यंत राहिला. गांधी टोपी घालणं हाही त्या काळात गुन्हा ठरला.

या घटनाक्रमात दोन वेगळ्या शक्ती दिसतात. एक, गिरण्या थांबवणारी आणि पोलीस नसतानाही शहर सांभाळणारी. दुसरी, चौकी पेटवणारी. सोलापूरवर राज्य करण्याची लायकी इंग्रजांकडे उरलेली नाही, हे पहिलीने सिद्ध केलं. दुसरीने त्यांना परत येण्याचं निमित्त दिलं. पोलिसांच्या हत्येत या चौघांचा हात नव्हता, अशी सोलापूरची ठाम धारणा आहे. न्यायालयाने उलट निकाल दिला. वादापुरता तो निकाल खरा धरला, तरी एक गोष्ट उरते. बेभान जमावाला नाव-पत्ता नसतो, म्हणून त्याचा हिशेब कोणाकडून घ्यायचा हे राज्यकर्ता ठरवतो. तो हात घालतो शहराला ठाऊक असलेल्या, उघडपणे काम करणाऱ्या माणसांना. कुर्बान हुसेन पत्रकार आणि कामगार कार्यकर्ते होते, धनशेट्टी काँग्रेसचे लोकमान्य पुढारी. सत्याग्रही आपला गुन्हा स्वतः निवडतो आणि त्याची शिक्षा मागून घेतो. हिंसेत ही निवड शत्रूच्या हाती जाते. मार्चमधल्या करारातली कैद्यांची सुटकाही हिंसेच्या गुन्ह्यात नसलेल्यांपुरतीच होती.

पॅलेस्टाइनमध्ये हीच गोष्ट कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडली. १९८७ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या पहिल्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, दगडफेक होती, पण तिचा कणा संप, बहिष्कार आणि करबंदी हा होता. १९८९ मध्ये बेथलेहेमजवळच्या बेत सहूर या गावाने कर भरायचं नाकारलं. इस्रायली लष्कराने गावाला वेढा घातला आणि घरांतलं, दुकानांतलं सामान उचलून नेलं. गावाने दुधासाठी पाळलेल्या अठरा गायीही सुरक्षेला धोका ठरवल्या गेल्या. गाय आणि गांधी टोपी यांना घाबरणारी सत्ता जगापुढे उघडी पडते. २००० नंतरच्या दुसऱ्या इंतिफादात बसमध्ये आणि हॉटेलांत आत्मघाती स्फोट झाले, सामान्य इस्रायली माणसं मेली आणि त्याच भीतीच्या आधारावर पॅलेस्टिनी जमिनीत शिरणारी भिंत उभी राहिली. त्या भिंतीने ज्यांची शेतं तोडली, त्या शेतकऱ्यांनी स्फोट घडवले नव्हते. इस्रायलवरच्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसं मारली गेली. त्यानंतर गाझात हजारो मुलं मेली. त्यांना तर कोणी काही विचारलंही नव्हतं.

यावर पहिला आक्षेप असा, की सोलापुरात गोळी आधी सरकारने झाडली आणि पॅलेस्टाइनमध्ये जमीन आधी बळकावली गेली. हे खरं आहे आणि मूळ दोष तिथेच आहे. १९३८ मध्ये ‘हरिजन’मध्ये लिहिताना गांधीजींनी अरबांनी अहिंसेचा मार्ग निवडायला हवा होता असं म्हटलं, पण प्रचंड बळापुढे त्यांनी केलेल्या प्रतिकाराला जगाच्या रूढ न्यायाने दोष देता येत नाही, हेही मान्य केलं. मात्र दोष कोणाचा हा एक प्रश्न आणि कोणता मार्ग लोकांना बळ देतो हा दुसरा. दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. निःशस्त्र माणसालाही गोळी लागते. २०१८ पासून गाझाच्या कुंपणावर निघालेल्या, बहुतांशी निःशस्त्र मोर्चांवर झालेल्या गोळीबारात दोनशेहून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. अहिंसा कवच नाही, हे शंकर शिवदारेच्या मृत्यूनेही सांगितलं होतं. परंतु पॅलेस्टाइनमधल्या बुद्रुस गावाने २००३ पासून निःशस्त्र मोर्चे काढून भिंतीचा मार्ग बदलायला लावला आणि आपली बरीचशी ऑलिव्हची झाडं वाचवली. निःशस्त्र लढाईत माणसं मरतात, पण संघटना टिकते, बायका आणि म्हातारे सहभागी होऊ शकतात आणि जिंकल्यावर चालवायला काहीतरी उरतं.

म्हणून सोलापूरच्या चार हुतात्म्यांना अभिवादन करताना केवळ जळालेली चौकी आठवू नये. पोलीस निघून गेल्यावर बाजार आणि रस्ते ज्यांनी सांभाळले, तेही स्वातंत्र्यसैनिक होते आणि राज्य करण्याची लायकी त्यांनीच दाखवली. पॅलेस्टिनी माणसाच्या न्याय्य हक्कासाठी आवाज उठवणाऱ्या प्रत्येक मराठी वाचकाने बसमधल्या स्फोटांचं समर्थन नाकारावं आणि बेत सहूर, बुद्रुस ही नावं लक्षात ठेवावीत.