मामांचे दिवे

जळगावहून धुळ्याला जाणारा रस्ता पाळधी, एरंडोल, पारोळा अशी गावे घेत सुमारे नव्वद किलोमीटर धावतो. आज तेथे रात्री मोटारींच्या झोताने डोळे दिपतात. माझ्या लहानपणी, 1955 च्या सुमारास, समोरून येणारी बैलगाडी घुंगरांच्या आवाजावरूनच ओळखावी लागे. माझे मामा एरंडोलजवळच्या एका खेड्यात मास्तर होते. शनिवारी ते सायकलने आमच्याकडे जळगावला येत आणि रविवारी रात्री जेवून परत निघत. त्यांच्या सायकलवर एकामागून एक तीन दिवे आले. सायकलच्या दिव्यांचा जवळजवळ सारा इतिहास मी त्या एका हँडलवर पाहिला आहे.

पहिला रॉकेलचा. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकसने 1879 साली सायकलसाठी तेलाचा दिवा काढला आणि त्याला 'किंग ऑफ द रोड' असे भारदस्त नाव दिले. मामांचा दिवा मात्र कसला राजा! खड्डा आला की विझे. रस्ता दाखवण्यापेक्षा सायकल येते आहे एवढे सांगण्याचेच काम तो करी.

दुसरा कार्बाइडचा. 1892 साली थॉमस विल्सन हा कॅनडाचा गृहस्थ विजेच्या भट्टीत अॅल्युमिनियम काढण्याच्या खटपटीत होता; हाती आले कॅल्शियम कार्बाइड. त्यावर पाणी पडले की अॅसिटिलीन वायू सुटतो. दिव्याच्या वरच्या कप्प्यात पाणी, खालच्यात कार्बाइडचे खडे. चावी फिरवून थेंब सोडायचे आणि वायू पेटवायचा. ज्योत पांढरीशुभ्र, वास मात्र लसणासारखा उग्र. सकाळी खाली चुन्याचा चिखल उरे, तो फेकण्याचे काम माझ्याकडे. खडे मामा वेल्डिंगवाल्याकडून आणीत. हेच खडे पुढे आंबे आणि केळी पिकवण्यासाठी वापरले जाऊ लागले. आज त्याला बंदी आहे.

तिसरा डायनामोचा. सहा व्होल्ट, तीन वॅट. ना तेल, ना पाणी, ना काडेपेटी. मामांना हर्ष झाला. एका रात्री त्यांनी तिन्ही दिव्यांची परीक्षा घेतली. सायकल स्टँडवर लावली, समोर चुना दिलेला मैलाचा दगड. त्यावरचा आकडा दिसेनासा होईपर्यंत सायकल मागे मागे न्यायची. रॉकेलला चार पावले, कार्बाइडला चौदा. डायनामोसाठी मी हाताने पायडल गरगर फिरवले तेव्हा एकवीस. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा उरतो, हे मामांनी तिथेच समजावले. निकाल लागला. कार्बाइडचा दिवा माळ्यावर गेला.

पण आमची परीक्षा खोटी होती. मी पायडल एकसारखे फिरवीत होतो. रस्त्यावर तसे कोण चालवतो? डायनामोची खुबी अशी की वेग कितीही वाढला तरी प्रवाह साधारण अर्ध्या अँपिअरपाशी अडतो, म्हणून बल्ब सहसा जळत नाही. वेग घटला मात्र, की उजेडही घटतो. 1962 च्या हिवाळ्यात एरंडोलच्या अलीकडे मामांना पुढे काहीतरी असल्याचा संशय आला. शहाण्या माणसाप्रमाणे त्यांनी वेग कमी केला. आणि ज्या उजेडात ते 'काहीतरी' दिसायचे, तो उजेडच मंदावला. ती पऱ्हाट्यांनी भरलेली उभी गाडी होती. "कोन शे रे?" हा गाडीवानाचा आवाज त्यांनी ऐकला तेव्हा एक काडी डाव्या डोळ्यात गेली होती. त्याच गाडीतून त्यांना एरंडोलला नेले. डोळा वाचला नाही.

1993 मध्ये शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी साधला आणि त्यातून पुढे पांढरे दिवे आले. आता डायनामोच्या काही दिव्यांत वीज साठवणारा कपॅसिटरही असतो. सायकल थांबली तरी दिवा काही मिनिटे जळत राहतो. ही सोय मला प्रथम दिसली तेव्हा दुकानदार मला किंमत सांगत होता आणि माझे लक्ष नव्हते.

बरे झाल्यावर मामांनी माळ्यावरून कार्बाइडचा दिवा उतरवला. डायनामो काढला नाही. दोन्ही शेजारी शेजारी बसवले. गावातली पोरे हसत. "एक चालताना पाहायला," मामा म्हणत, "आणि एक थांबल्यावर." निवृत्त होईपर्यंत ते तसेच दोन दिव्यांनी येत राहिले, आणि सोमवारी सकाळी चुना फेकायला तिकडे कोण होते, ते मी कधी विचारले नाही.