डाइव्ह कॉम्प्युटरचा सेल बदलताय? काम दहा मिनिटांचं, पण घाई नको

मालवण : पावसाळ्यात तारकर्ली, देवबाग, मालवण किनाऱ्यावरचे स्कुबा डायव्हिंग बंद असते. या काळात पेटीत पडून असलेले साहित्य हंगामाच्या तोंडावर बाहेर निघते, तेव्हा मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरचा सेल बहुतेक वेळा उतरलेला असतो. सेल बदलणे अवघड नाही. मात्र केसाएवढी चूक झाली तरी खारे पाणी आत शिरते आणि हजारो रुपयांचे यंत्र कायमचे बंद पडते. चुकीच्या वेळी सेल काढला तर धोका यंत्राला नाही, तर माणसाला असतो.

हे यंत्र करते काय?

दिसायला ते जाड घड्याळासारखे असते. पाण्याची खोली आणि वेळ मोजून अंगात किती नायट्रोजन मुरला, याचा हिशोब ते ठेवते. सिलिंडरमधल्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. खोलवर दाबामुळे तो रक्तात विरघळतो. माणूस भरकन वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे बुडबुडे अंगात तयार होतात. त्यातून सांधेदुखीपासून लकव्यापर्यंत त्रास होऊ शकतो. यालाच 'बेंड्स' म्हणतात. पर्यटकांना घेऊन दिवसातून अनेकदा पाण्यात उतरणाऱ्या गाइडसाठी हा हिशोब फार महत्त्वाचा आहे.

सेल कधी बदलू नये?

दोन डाइव्हच्या मधे कधीच नको. काही मॉडेलमध्ये सेल काढताच नायट्रोजनचा हिशोब पुसला जातो. नवा सेल टाकल्यावर यंत्राला वाटते, हा माणूस आज पाण्यात उतरलाच नाही. मग ते पुढच्या डाइव्हला जास्त वेळ देते. म्हणून शेवटच्या डाइव्हनंतर किमान २४ तास थांबून मगच सेल बदलावा. सकाळी बॅटरीचे चिन्ह लुकलुकत असेल, तर त्या दिवशी ते यंत्र घेऊन उतरू नये.

कोणता सेल?

सेलवरचा आकडा म्हणजे त्याचे माप असते. सीआर २४५० म्हणजे सुमारे २४.५ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड. सीआर २४३० तेवढाच रुंद, पण ३ मिलिमीटर जाड. सीआर २०३२ हा २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. तिघेही ३ व्होल्टचेच, तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. 'एलआयआर' लिहिलेला चार्जिंगचा सेल मापात बसतो, पण त्याचा व्होल्टेज जास्त असतो. तो टाकू नये. नामांकित कंपनीचा, तारीख पाहून घेतलेला सेलच घ्यावा.

घरी की सर्व्हिस सेंटरला?

मागच्या झाकणावर नाणे बसेल अशी खाच असेल, तर सेल सहसा घरी बदलता येतो. झाकणाला स्क्रू असतील किंवा झाकणच दिसत नसेल, तर यंत्र सर्व्हिस सेंटरला द्यावे. चार्जिंगचे मॉडेल घरी उघडूच नये. कंपनीची पुस्तिका मोबाईलवर मिळते. ती आधी वाचावी.

बदलण्याची पद्धत

१. यंत्र गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. खाचेत मिठाचा किंवा वाळूचा कण राहू देऊ नये.

२. पंखा बंद करावा, हात कोरडे ठेवावेत. स्वच्छ कापडावर काम करावे.

३. झाकण उघडण्याआधी आणि सेल काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढावा. '+' ची बाजू कुठे होती, ते नंतर कळते.

४. सेल कडेने धरावा. लोखंडी चिमटा वापरू नये, शॉर्ट होतो.

५. जुनी ओ-रिंग काढून नवी बसवावी. कुकरची रिंग कडक झाली की वाफ जाते, तसेच इथे पाणी आत येते. रिंग काढायला सुई किंवा पिन नको, खाचेला ओरखडा पडतो.

६. पुस्तिकेत सांगितले असेल तरच रिंगला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. व्हॅसलीन, खोबरेल तेल किंवा गाडीचे ग्रीस लावू नये. काही रिंगांना ग्रीस चालतच नाही.

७. रिंगखाली केस, धागा राहिला नाही ना, हे उजेडात पाहावे. झाकण खुणेपर्यंतच फिरवावे, जोर लावू नये.

ओ-रिंगला एवढे महत्त्व का?

पाण्यात दहा मीटर खाली गेले की दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो जादा दाब पडतो. तीन सेंटिमीटर रुंद झाकणावर तो सुमारे सात किलो होतो, तर तीस मीटरवर वीस किलोच्या पुढे जातो. हा सगळा दाब त्या एका बारीक रबराच्या भरवशावर असतो.

बदलल्यानंतर

तारीख, वेळ आणि हवेचे प्रमाण तपासावे. साध्या हवेसाठी ऑक्सिजन २१ टक्के असावा. यंत्र दहा मिनिटे गोड्या पाण्याच्या भांड्यात ठेवावे. बुडबुडे निघाले किंवा काचेखाली धुके दिसले, तर पाणी शिरतेय असे समजावे. भांड्यात खोलीचा दाब नसतो, त्यामुळे पहिली डाइव्ह उथळ पाण्यात आणि सोबत दुसरे चालू यंत्र ठेवूनच करावी. समुद्राचे पाणी आत गेलेच, तर यंत्र चालू करून बघू नये. सेल काढून ते सर्व्हिस सेंटरला द्यावे. तांदळात ठेवून मीठ जात नाही.

जुना सेल मुलांपासून दूर

उतरलेल्या सेलमध्येही थोडी वीज शिल्लक असते. लहान मुलाने तो गिळला आणि घशात अडकला, तर दोन तासांतही अन्ननलिका आतून भाजू शकते. अशा वेळी उलटी करवू नये, मूल लगेच रुग्णालयात न्यावे. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यावा. चुलीत किंवा दर्यात टाकू नये.