कलकत्त्याचा दलबदल

कलकत्त्याच्या एखाद्या जुन्या रहिवाशाला फुटबॉलचा मोसम कोणता, असे विचारले असते, तर त्याने एक नव्हे, दोन मोसम सांगितले असते. एक पावसाळ्यातला, त्यात चेंडू खेळला जाई. दुसरा त्याच्या आधीचा, वसंत आणि ग्रीष्म यांच्या सांध्यावरचा. त्यात चेंडू कोठे दिसत नसे, पण शहरात बोलणे मात्र फुटबॉलचेच चाले. या दुसऱ्या मोसमाला बंगालीत ‘दलबदल’ असे अन्वर्थक नाव आहे. राजकारणात हा शब्द निंदाव्यंजक असला, तरी मैदानावर त्याचा अर्थ साधा होता : कोणता खेळाडू कोणत्या क्लबात गेला. ट्रॅममध्ये, चहाच्या दुकानात आणि कचेरीच्या मधल्या सुटीत प्रश्न तेच असत. कोण आला, कोण गेला, डाव्या बगलेला आता कोण खेळणार, आणि या सर्वांना शिकविणार कोण? ज्याने जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, तो कारकूनही अकरा नावांची यादी बोटांवर मोजून दाखवी आणि आपली यादी सोडून क्लबाने दुसरी केली, की चिटणिसाला अक्कल नाही असा निकाल देऊन मोकळा होई.

प्रेक्षकाच्या या मताला घटनात्मक अधिकार कोणताच नव्हता. तो क्लबाचा साधा सभासदही नसे. सामन्याचे तिकीट हीच त्याची मालमत्ता. असे असूनही कलकत्त्याच्या फुटबॉलचा इतिहास चाळला, तर हे अधिकारहीन मत पुनःपुन्हा प्रभावी ठरलेले दिसते. संघ कोणाचा, हा प्रश्न येथे मैदानावर जितका लढविला गेला, तितकाच मैदानाबाहेरही लढविला गेला.

त्या काळची व्यवस्था समजून घेतल्याशिवाय दलबदलाचे महत्त्व ध्यानात येणार नाही. खेळाडू कागदोपत्री हौशी होता. त्याचे पोट रेल्वे, बंदर, बँक यांसारख्या ठिकाणच्या नोकरीवर चाले. क्लबाकडून जे हाती पडे, ते उघडपणे सांगण्याची रीत नव्हती. अशा खेळाडूला वर्षानुवर्षांच्या कराराने बांधून ठेवता येत नसे. दरवर्षी ठरावीक मुदतीत इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या, म्हणजे नावाने अखिल भारतीय पण कार्याने बंगालच्या, संस्थेच्या सुटरकिन स्ट्रीटवरील कचेरीत जाऊन तो दुसऱ्या क्लबासाठी सही करू शके. म्हणून मुदत जवळ आली, की खेळाडूंची पळवापळवी सुरू होई. नामांकित खेळाडूला एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी किंवा परगावी पाहुणा म्हणून ठेवीत, त्याच्यावर पहारा बसवीत आणि सहीच्या दिवशी समर्थकांच्या गराड्यातून त्याला कचेरीत नेत. वधूपक्षाने वराला मंडपात आणावे, तसाच तो थाट असे. फरक एवढाच, की पुढच्या वर्षी तोच वर दुसऱ्या मंडपात उभा राहण्याची शक्यता असे.

या वादाचे मूळ मात्र सहीच्या पद्धतीहून जुने आहे. मोहन बागान क्लबाची स्थापना १८८९ मध्ये झाली आणि २९ जुलै १९११ रोजी त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अनवाणी खेळणाऱ्या देशी संघाने बुटांतल्या गोऱ्या पलटणीला हरविले, ही वार्ता देशभर गेली. त्या संघात मूळचे पूर्व बंगालचे असलेले खेळाडू बरेच होते आणि विजय साऱ्या बंगालचा मानला गेला. परंतु अवघ्या नऊ वर्षांनी चित्र पालटले. जुलै १९२० मध्ये मोहन बागानविरुद्धच्या एका सामन्यात जोडाबागान क्लबाने शैलेश बोस या आपल्या खेळाडूला संघातून वगळले. क्लबाचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांनी कारण विचारले. समाधानकारक उत्तर मिळेना. बोस पूर्व बंगालचा म्हणून त्याला डावलले, अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी क्लब सोडला आणि १ ऑगस्ट १९२० रोजी काही स्नेह्यांसह नवा क्लब स्थापन केला. त्याचे नाव ईस्ट बंगाल. संघात कोणाला घ्यावे आणि कोणाला वगळावे, या मतभेदातून भारतातील एक थोर क्लब जन्माला आला, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही.

‘आपला माणूस का नाही?’ हा प्रश्न याप्रमाणे १९२० मध्ये विचारला गेला. त्याला पहिले खणखणीत उत्तर दिले ते महमेडन स्पोर्टिंगने. या क्लबाने केवळ शहराकडे किंवा प्रांताकडे न पाहता बंगलोरपासून दूरदूरचे गुणी खेळाडू जमविले आणि पावसाच्या चिखलात बूट घालून खेळण्याची सवय त्यांना लावली. त्याचे फळ १९३४ मध्ये मिळाले. १८९८ मध्ये सुरू झालेली कलकत्ता लीग तोपर्यंत एकाही भारतीय संघाने जिंकलेली नव्हती; महमेडनने ती जिंकली, आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे ती आपल्याकडे ठेवली. १९४० मध्ये ड्युरँड कपही त्यांनी मिळविला. बंगालबाहेरच्या मुसलमानांनाही हा संघ आपला वाटू लागला. मोहन बागानला लीगचे अजिंक्यपद १९३९ मध्ये आणि ईस्ट बंगालला १९४२ मध्ये प्रथम लाभले. संघ बांधणे ही एक विद्या आहे, हे कलकत्त्याला महमेडननेच शिकविले.

पुढे १९४७ आले. फाळणीने लक्षावधी माणसे घरदार सोडून पश्चिमेकडे आली. सियालदहा स्टेशनाच्या फलाटांवर आणि शहराच्या कडेच्या वसाहतींत त्यांनी नवा संसार मांडला. गाव गेले, नदी गेली, जमिनीचे कागद निरुपयोगी झाले. ज्या प्रदेशाचे नाव सांगावे, तो परराष्ट्रात गेला. त्या प्रदेशाचे नाव कलकत्त्यात ज्या थोड्या ठिकाणी अभिमानाने उच्चारले जात होते, त्यांत लाल-सोनेरी पोशाखाचा हा फुटबॉल संघ होता. त्याच्या जयपराजयाला आता निराळेच वजन आले.

आणि येथेच इतिहासाने एक मौज केली. निर्वासितांच्या या लाडक्या क्लबाला वैभवाच्या शिखरावर नेले ते पाच आघाडीच्या खेळाडूंनी : व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. या पाचांत पद्मेच्या काठचा कोणी नव्हता. अप्पाराव आंध्रातला, अहमद खान बंगलोरचा, सालेह केरळातला. क्लबाचे चिटणीस ज्योतिषचंद्र गुह यांची दृष्टी अशी दक्षिणेपर्यंत पोहोचलेली होती. या फळीला लोकांनी ‘पंचपांडव’ म्हटले. १९४९ मध्ये ईस्ट बंगालने लीग, शील्ड आणि मुंबईचा रोव्हर्स कप ही तिन्ही बक्षिसे एकाच वर्षी घेतली, आणि १९५३ पर्यंत हे पाच जण एकत्र खेळले. एका पूर्व बंगालच्या माणसाला वगळले म्हणून निघालेल्या या क्लबात आघाडीला बंगाली नावच उरले नव्हते. तरी वसाहतीतल्या निर्वासिताला त्यात विसंगती वाटली नाही. मल्याळी सालेह गोल करी तेव्हा त्याला आपले हरवलेले गाव जिंकल्यासारखे वाटे. आपलेपणा जन्मगावावर नसून पोशाखावर असतो, हा सिद्धान्त कोणी न शिकविता त्याने आत्मसात केला होता.

एवढे झाले तरी या काळापर्यंत चर्चा खेळाडूंचीच असे. खेळाडूंना शिकविणारा कोण, हा प्रश्न फारसा पुढे आला नव्हता. उत्तम अकरा माणसे गोळा केली, की उत्तम संघ झाला, अशी सर्वसाधारण समजूत होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा पराभव केला, तेव्हा या समजुतीला पहिला जबर धक्का बसला. आपले कित्येक खेळाडू तेथेही अनवाणीच होते. दुसरा धडा घरातच, हैदराबादेत, तयार होत होता. पेशाने शिक्षक असलेल्या सय्यद अब्दुल रहीम यांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ घडविला आणि मुंबईच्या कूपरेज मैदानावर त्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप जिंकला. खेळाडूला दोन्ही पाय सारखे चालविता आले पाहिजेत, चेंडू अडवून ठेवण्यापेक्षा चटकन पुढे दिला पाहिजे, प्रत्येकाने आपली जागा ओळखली पाहिजे, अशी त्यांची शिस्त होती.

राष्ट्रीय संघाचे शिक्षक म्हणून रहीम यांनी काय साधले, ते १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत दिसून आले. संघाचा नायक चुनी गोस्वामी मोहन बागानचा, प्रदीपकुमार बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेचा, तुळशीदास बलराम ईस्ट बंगालचा. कलकत्त्याच्या तंबूंतून एकमेकांवर दात खाणारे समर्थक ज्यांच्यासाठी भांडत, ते येथे एकाच शिक्षकाच्या हाताखाली होते. बचावफळीचा जर्नेलसिंग डोक्याला दुखापत होऊन टाके पडलेल्या अवस्थेत होता. रहीम यांनी त्याला आघाडीला खेळविले. ४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर भारताने २-१ असा विजय मिळविला. एक गोल प्रदीपकुमारचा, दुसरा जर्नेलसिंगचा. रहीम तेव्हा कर्करोगाने ग्रासलेले होते. जून १९६३ मध्ये ते निवर्तले. शिक्षकाचा निर्णय म्हणजे काय असतो, हे त्यांनी दाखवून दिले होते.

कलकत्त्याच्या क्लबांत हा धडा रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने अमल दत्त यांना दिले पाहिजे. ते १९६४ मध्ये इंग्लंडला जाऊन शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा करून आले आणि फुटबॉल शिकविणे हाच पूर्ण वेळचा व्यवसाय मानला. १९६९ च्या शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या मोहन बागानने चार-दोन-चार या मांडणीने ईस्ट बंगालला ३-१ असे हरविले. त्यांचे प्रतिस्पर्धी म्हणून प्रदीपकुमार उभे राहिले. दत्त यांचा भर मांडणीवर, तर प्रदीपकुमारांचा मनावर. सामन्याआधीच्या त्यांच्या जोशपूर्ण भाषणांना ‘व्होकल टॉनिक’ असे नावच पडले. १९७२ ते १९७५ या त्यांच्या कारकिर्दीत ईस्ट बंगालची लीग एकदाही हुकली नाही आणि ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांनी मोहन बागानवर पाच गोल चढविले. मोहन बागानच्या एका तरुण भक्ताने त्या दुःखात प्राण दिला. पुढल्याच वर्षी प्रदीपकुमार मोहन बागानला गेले! दलबदल आता शिक्षकाचाही होऊ लागला होता. ज्यांनी पाच गोल घालविले, त्यांच्याच हाती आपला संघ सोपवावा काय, यावर चहाच्या दुकानांत काय काय बोलले गेले असेल, याची कल्पना करता येते. १९७७ मध्ये मोहन बागानने शील्ड, ड्युरँड आणि रोव्हर्स हे तिन्ही चषक जिंकले, तेव्हा तो वाद आपोआप मिटला.

प्रेक्षकाच्या या उत्कटतेची काळी बाजू लपविण्यात अर्थ नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डनमध्ये याच दोन क्लबांच्या सामन्यात दंगल उसळली आणि सोळा प्रेक्षक मृत्युमुखी पडले. घरून खेळ पाहावयास निघालेली ही माणसे परतली नाहीत. पुढे त्या दिवशी त्यांच्या स्मृतीसाठी रक्तदान होऊ लागले. ज्या प्रेमात विवेक नाही, त्याची किंमत कोणाला द्यावी लागते, हे त्या दिवसाने शहराला शिकविले.

खेळाडूंपेक्षा शिक्षकांच्याच नावाने अधिक गाजलेला सामना १३ जुलै १९९७ चा. फेडरेशन कपच्या उपान्त्य फेरीत दत्त यांचे मोहन बागान आणि प्रदीपकुमारांचे ईस्ट बंगाल समोरासमोर आले. दत्त यांची हिऱ्याच्या आकाराची नवी मांडणी आधीच्या सामन्यात गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सला सहा गोलांनी भारी पडली होती, आणि प्रतिपक्षाच्या खेळाडूंची थट्टा करण्याइतके ते निर्धास्त होते. सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सुमारे १,३१,००० माणसे जमली. थट्टेचा विषय झालेल्या बायचुंग भुतियाने तीन गोल केले आणि ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकले. हिरा फुटला खरा. पण सव्वा लाखांहून अधिक माणसे केवळ गोल पाहण्यास नव्हे, तर दोन विचारांची झुंज पाहण्यास आली होती, ही गोष्ट त्या शहराच्या जाणकारीची साक्ष देते.

त्यानंतर काळ बदलला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, खेळाडूंचे करार उघड झाले, आणि सुटरकिन स्ट्रीटवरील ती गर्दी इतिहासजमा झाली. २०२० मध्ये मोहन बागानचा फुटबॉल विभाग ए. टी. के. या संघाशी जोडला गेला आणि नव्या संघाच्या नावात ती तीन अक्षरे आधी आली. संघ बलवान झाला होता. चांगले खेळाडू होते, चांगला शिक्षक होता. तरीही समर्थक समाधानी नव्हते. त्यांनी फलक लावले, घोषणा दिल्या. जिंकूनही ते तक्रार करीत राहिले. मार्च २०२३ मध्ये गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर संघाने अजिंक्यपद मिळविले आणि त्याच प्रसंगी मालकांनी ती अक्षरे काढून टाकण्याची घोषणा केली.

हे सारे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. कलकत्त्याच्या प्रेक्षकाने खेळाडू केरळचा आहे की हैदराबादचा, याची फिकीर फार काळ केली नाही. शिक्षक कालचा वैरी आहे, हेही त्याने पत्करले. परंतु जे नाव घेऊन त्याच्या आजोबांनी पावसात उभे राहून सामने पाहिले, त्या नावाला धक्का लागलेला त्याला खपला नाही. १९२० मध्ये एका वगळलेल्या नावामुळे नवा क्लब उभा राहिला, आणि १०३ वर्षांनी नावात घुसविलेली तीन अक्षरे प्रेक्षकांनी पुसून घेतली. अकरा माणसे दरवर्षी बदलतात. संघ मात्र त्यांचा असतो, जे कधीच दलबदल करीत नाहीत.