मिलिंद राजापुढची कोंबडी

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. परवा भाच्याला घेऊन अंडी आणायला गेलो. दुकानदार ट्रेमधून अंडी काढत होता आणि भाच्याने विचारलं, "मामा, आधी कोंबडी की आधी अंडं?"

लहानपणी मीही आजीला हेच विचारलं होतं. ती खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी निवडत होती. एकेक अंडं दिव्यापुढे धरायची, कानाशी हलवून पाहायची. मान वर न करता म्हणाली, "आधी कोंबडा." भाच्याला मी हेच सांगितलं.

या कोड्याची कुळकथा शोधू लागलो की बहुतेक पुस्तकं ग्रीसला नेतात. प्लुटार्कने इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात मेजवानीतल्या गप्पा लिहून ठेवल्या. त्याने एका स्वप्नामुळे अंडी सोडली होती, त्यावरून पंगतीत हा वाद निघतो. पण मला जवळची वाटते ती दुसरी वाट. तिचं नाव आमच्याच शहरात, जालना रोड ओलांडून पलीकडे गेलं की पाटीवर दिसतं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली इथे महाविद्यालय काढलं. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी इमारतीची कोनशिला बसवली. पुढे बाबासाहेबांनी महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव दिलं आणि परिसर झाला नागसेनवन. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर. त्याचे प्रश्न आणि भिक्खू नागसेनाची उत्तरं 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहेत. विद्वत्तेचा अभिमान असलेला हा राजा वादात हरला आणि त्याने ते मान्य केलं. विद्यार्थ्यांपुढे ठेवायला बाबासाहेबांना हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटला.

त्याच ग्रंथात आपली कोंबडी आहे. संसाराची सुरुवात कुठे, असा विषय निघतो. आरंभीचं टोक सापडत नाही, असं नागसेन सांगतो. राजा दाखला मागतो. नागसेन आधी बी आणि झाड घेतो: बीपासून झाड, फळातून पुन्हा बी. मग कोंबडी आणि अंडं. शेवटी तो जमिनीवर वर्तुळ काढतो आणि विचारतो, याला शेवट आहे का? राजा म्हणतो, नाही. आपण हे कोडं समोरच्याला गप्प करायला घालतो. नागसेनाने मात्र ते समजावून सांगायला वापरलं. मला हा फरक फार मोठा वाटतो.

बी-झाडाचा दाखला संस्कृतात 'बीजांकुर न्याय' म्हणून रुळला. शंकराचार्यांनी संसार अनादि आहे हे सांगताना तो घेतला. गौडपादांनी मात्र त्यावरच बोट ठेवलं होतं: जे सिद्ध करायचं तेच हा दाखला गृहीत धरतो.

जीवशास्त्राकडे सरळ उत्तर आहे. नुसतं अंडं म्हणाल तर तेच आधी. कवचाची अंडी सरपटणाऱ्या प्राण्यांत पक्ष्यांच्या कितीतरी आधीपासून आहेत. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. पण गावरान कोंबडीच्या पिवळ्या पायांचा गुण राखी रानकोंबड्याकडून आला, असं 2008 साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला. म्हणजे मागे जाताना एकच रेघ लागत नाही, दोन वाटा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

भाच्याला दुकानातलं पांढरं अंडं हातात दिलं. सांगितलं, यातून एकवीस दिवसांनीच काय, कधीच पिल्लू निघणार नाही. लेअर फार्मवर अंड्यांच्या कोंबड्यांत कोंबडा ठेवतच नाहीत. त्या कोंबड्या स्वतः पिल्लं असताना हॅचरीतून येतात, दुसऱ्याच कोंबड्यांच्या अंड्यांतून. नागसेनाचं वर्तुळ इथे या ट्रेपाशी तुटतं.

तो अंडं उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "मग पणजीच बरोबर होती."