मालोजीराजे नक्की कधी गेले? घरची आठवण साधन म्हणून कशी वाचावी

पीएच.डी.च्या पहिल्याच वर्षी सरांनी मला विचारलं, "शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे कधी वारले?" मी वहीत बघून वर्ष सांगितलं. सर म्हणाले, "आता दुसरं पुस्तक उघड." त्यात वेगळंच वर्ष! काही ग्रंथ १६०५-०६ देतात, तर काही १६२० च्या आसपासचं. गाव मात्र एकच आहे, इंदापूर. तिथल्या लढाईत ते पडले. मालोजीराजांची गढी आजही इंदापुरात दाखवतात.

तुम्ही म्हणाल, चौदा-पंधरा वर्षांनी असं काय बिघडतं? बघा. १६२० धरलं, तर वडील गेले तेव्हा शहाजीराजे कर्ते तरुण होते. १६०५-०६ धरलं, तर ते लहान मूल होते. मग १६२४ च्या भातवडीच्या लढाईत उतरलेल्या शहाजी आणि शरीफजी या भावांना त्याआधी वाढवलं कुणी? कवींद्र परमानंदांचं 'शिवभारत' सांगतं, चुलते विठोजींनी. म्हणजे विठोजींना तुमच्या प्रबंधात प्रकरण मिळणार की तळटीप, हे त्या एका वर्षावर ठरतं.

पण 'शिवभारत' लिहिलं गेलं शिवाजी महाराजांच्या काळात. महाराजांचा जन्म १६३० चा, त्यांनी आजोबांना पाहिलेलंच नाही. मग तिसऱ्या पिढीतल्या या आठवणीवर विश्वास किती ठेवायचा?

याचं उत्तर मला घरीच सापडलं. आमचं गाव बारामती तालुक्यात, सुप्याजवळ. पुणे, इंदापूर, चाकणबरोबर सुपेही भोसल्यांच्या जहागिरीत होतं. माझे आजोबा एका रात्री उसाला दारं धरायला गेले, ते परत आलेच नाहीत. धडधाकट माणूस, बांधावरच गेला. आजीला वर्ष विचारलं, तर म्हणाली, "साल कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय? तुझ्या बापाचे दुधाचे दात पडत हुते."

मी वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावरून जन्मवर्ष घेतलं, त्यात सहा-सात मिळवली. नंतर ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद काढली, तर वर्ष जुळलं. आजीनं साल सांगितलं नव्हतं, पण चुकीचंही काही सांगितलं नव्हतं. आणि धाकट्या आजोबांनी स्वतःची बैलजोडी विकून माझ्या वडिलांना शिकवलं, हे त्या नोंदीत कुठेच नव्हतं. ते आजीकडेच होतं.

म्हणून घरची आठवण हाती आली, की तीन गोष्टी बघा. एक, सांगणारा त्या माणसाचा कोण, आणि किती पिढ्यांनंतर सांगतोय? दोन, आठवणीत वर्ष नसेल, तर कुणाचं वय, लग्न, पीक असं काही आहे का, ज्यावरून वर्ष काढता येईल? तीन, ते पडताळायला घराबाहेरचा कागद कोणता? आणि एक पथ्य पाळा: शिवभारत राजाच्या घरचं आहे, तिथे गौरव असणारच. गौरवाची वाक्यं बाजूला ठेवा, नात्यांची माहिती वेगळी तपासा.

मालोजीराजांच्या वर्षाबद्दल मी प्रबंधात दोन्ही मतं दिली आहेत. विठोजींना मात्र तळटिपेतून वर काढलंय.

आजी आता नाही. तिचं बोलणं मी रेकॉर्ड केलं नाही, नुसतं वहीत टिपलं. तुमच्या घरी कुणी सांगणारं असेल, तर या सुट्टीत फोन चार्ज करून शेजारी बसा.