लंगडा घोडा आणि ऊब बघणारा कॅमेरा

आजच्या भागात घोडा आहे, आणि तोही लंगडणारा.

आपला पाय दुखला की आपण डॉक्टरला बोट ठेवून सांगतो, "इथे दुखतंय." घोड्याला ते जमत नाही. त्यात तो कळपातला प्राणी, दुखणं जमेल तितकं लपवणारा. म्हणून घोड्यांचे डॉक्टर पिढ्यान् पिढ्या एकच करत आले. घोड्याला दुडक्या चालीनं पळवायचं आणि मान बघायची. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकला की तो मान वर झटकतो. मग पायावरून हात फिरवायचा, आई कपाळाला हात लावून ताप बघते ना, अगदी तसा. सूज आली की रक्तपुरवठा वाढतो आणि तिथली कातडी गरम लागते. पण हाताला साधारण दोन अंशांचा फरक असल्याशिवाय काही कळत नाही. त्याहून कमी असेल तर?

त्यासाठी आधी 1800 सालात जाऊया. इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल नावाचा माणूस होता. मूळचा संगीतकार, नंतर खगोलशास्त्रज्ञ, युरेनस शोधणारा तोच. त्यानं लोलकातून सूर्यप्रकाश फोडला आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सगळ्यात वर चढला. हाच इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त प्रकाश. ऊब असलेली प्रत्येक वस्तू तो सतत बाहेर टाकत असते. तुम्ही, चहाचा कप आणि घोड्याचा पायसुद्धा.

पुढे 1880 च्या सुमारास अमेरिकेत सॅम्युअल लँगलीनं बोलोमीटर बनवला. साधी गोष्ट आहे. धातूची पातळ पट्टी तापली की तिचा विद्युतरोध बदलतो, तो मोजायचा. पाव मैलावर उभ्या असलेल्या गाईची ऊब त्याला कळायची, असं सांगतात. ही पट्टी लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

विसाव्या शतकात या तंत्राला पैसा मिळाला तो मुख्यतः लष्कराकडून, कारण अंधारात शत्रू बघायचा होता. 1965 मध्ये स्वीडनच्या आगा कंपनीनं विजेच्या तारा तपासायला थर्मल कॅमेरा विकायला काढला. त्याच वर्षी डेलाहंटी आणि जॉर्जी या दोघांनी अमेरिकन पशुवैद्यकांच्या नियतकालिकात घोड्यांच्या थर्मोग्राफीवर लेख लिहिला. आपल्या गोष्टीची खरी सुरुवात इथे होते.

घोड्याचा पाय या कामाला फार सोयीचा आहे. गुडघ्याखाली त्याला मांसल स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, कंडरा म्हणजे टेंडन, आणि लगेच कातडी. आतली ऊब पटकन वर येते. शिवाय तुलनेला शेजारचा पाय आहेच. डावा आणि उजवा, दोन्हींचा डिफ काढायचा! एकाच जागी एक अंशापेक्षा जास्त फरक दिसला तर डॉक्टर सावध होतात. 1970 च्या दशकात स्वीडनमध्ये स्ट्रॉमबर्गनं शर्यतीच्या घोड्यांवर काम केलं. त्यातून दिसलं की घोडा लंगडायच्या एक-दोन आठवडे आधीच कंडरेची जागा गरम दिसू शकते. म्हणजे वेळेत विश्रांती दिली तर घोडा वाचतो.

आता गोष्टीची काळी बाजू. अमेरिकेत टेनेसी वॉकिंग हॉर्स नावाची जात आहे. प्रदर्शनात हे घोडे पुढचे पाय जितके उंच उचलतील तितकं बक्षीस जवळ. मग काही लोकांनी शॉर्टकट काढला. खुराच्या वरच्या कातडीवर रॉकेल, मोहरीचं तेल असं जळजळणारं काहीतरी चोळायचं. पाय टेकला की आग होते, म्हणून घोडा तो झटकन उचलतो. याला सोरिंग म्हणतात. 1970 मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. पण तपासणी हातानं दाबून व्हायची. मग घोड्यांना मारून मारून शिकवलं जाऊ लागलं, की दाबल्यावर हलायचं नाही.

घोडा गप्प राहायला शिकला, पण त्याच्या कातडीला गप्प कोण करणार? 1978 ते 1982 या काळात अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात राम पुरोहित यांच्या गटानं रसायनं आणि साखळ्यांमुळे होणारा दाह थर्मल चित्रात कसा दिसतो, हे तपासलं. अडचण यंत्राची होती. तेव्हाचे कॅमेरे अवजड आणि महाग, सेन्सर द्रवरूप नायट्रोजननं थंड ठेवावा लागायचा. गावोगावच्या प्रदर्शनात ते नेणं सोपं नव्हतं.

मग कॅमेरा आला की न्याय झाला, असं म्हणायचं का? नाही. 2010 मध्ये जिनिव्हाच्या वर्ल्ड कप फायनलमध्ये मॅक्लेन वॉर्डची सफायर ही घोडी आघाडीवर होती. थर्मल चित्र आणि हातानं केलेली तपासणी यांवरून तिचा पाय अतिसंवेदनशील ठरला आणि तिला बाद केलं. स्वारानं काही गैर केलं, असा आरोप नव्हताच. मोठा वाद झाला, प्रकरण पुढे गेलं, आणि अशी तपासणी कशी करावी यावरच प्रश्न उभे राहिले.

कारण कॅमेरा फक्त ऊब दाखवतो, ऊब कशामुळे आली ते नाही. मार, किडा चावणं, नुकतीच सोडलेली पट्टी, एका बाजूनं आलेलं ऊन, कशानंही फरक पडतो. थंड पाणी मारलं तर कातडी थंड दिसते. जुन्या दुखण्यात रक्तपुरवठा कमी होऊन जागा उलट गार दिसू शकते. म्हणून घोडा आधी सावलीत, वारा नसलेल्या जागी शांत उभा करतात. आणि चित्रानंतरही एक्स-रे, सोनोग्राफी, नस बधिर करून बघणं, हे सगळं लागतंच.

आज हा कॅमेरा बोटाएवढा झालाय. 2014 पासून तो मोबाईलला जोडता येतो, नायट्रोजन नको, काही नको. त्याच्या चिपवर हजारो सूक्ष्म बोलोमीटर असतात, म्हणजे लँगलीची तीच पट्टी! स्वस्त झाल्यामुळे तो तबेल्यात पोचतोय, हे चांगलंच आहे. पण गरम डाग दिसला की पुढचा प्रश्न माणसानंच विचारायचा असतो. हा पाय दुखतोय का, आणि दुखत असेल तर कुणामुळे?

आजच्यापुरतं एवढंच. भेटूया पुढच्या भागात!